निवासमंडपाची प्रतिकृती आणि लेवीय १६ : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

उपासनेनंतर बैठक झाली. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या दिवसांत मंडळीत बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायाचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या विधीचा, अभ्यास घ्यायचं ठरलं. सहा पाठ, छोटी पुस्तिका आणि सोबत निवासमंडपाची, म्हणजे वाळवंटातल्या इस्राएलाच्या उपासनेच्या तंबूची, प्रतिकृती. पुस्तिका मी लिहायची. प्रतिकृती तरुण संघातली मुलं आणि आमचे सुतारकाका करणार. राखेचा बुधवार ५ मार्चला आहे, उत्तम शुक्रवार १८ एप्रिलला. वेळ बेताचा आहे.

हा विषय का, ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे काम भरकटणार नाही. दरवर्षी उत्तम शुक्रवारी आम्ही ‘ख्रिस्ताच्या रक्ताने शुद्ध झालो’ असं म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण रक्त म्हणजे काय, ते कुठे लावलं जायचं, कशासाठी लावलं जायचं, हे ज्या पुस्तकात लिहिलंय ते लेवीय कुणी उघडत नाही. वर्षाच्या सुरुवातीला उत्पत्तीपासून वाचायला घेतलेले निम्मे लोक निर्गम २५-२६ ला फळ्या आणि कड्यांच्या वर्णनापाशी थांबतात. मग डोक्यात चित्र उरतं ते असं : देव रागावलेला आहे आणि रक्त पाहिल्याशिवाय तो शांत होत नाही. लेवीय असं सांगत नाही. पवित्र देवाला आपल्या लोकांमध्येच राहायचंय, आणि त्यासाठी प्रायश्चित्ताची सोय तो स्वतः करून देतो, असं ते पुस्तक सांगतं. सहाही पाठ याच एका गोष्टीभोवती असतील.

पाळकसाहेबांनी एकच अट घातली : “जे लिहाल ते वचनात बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.”

१८ जानेवारी, शनिवार

मापं ठरवली. शास्त्रातलं माप ‘हात’ आहे. एक हात म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर धरायला हरकत नाही. यरुशलेममधल्या शिलोहाच्या बोगद्यातल्या कोरीव लेखात बोगद्याची लांबी १२०० हात दिली आहे, आणि तो बोगदा आज मोजला तर सुमारे ५३३ मीटर भरतो. म्हणजे हात ४४ सेंटिमीटरच्या थोडा वर जातो.

आमचं प्रमाण १:३०. एका हाताचा दीड सेंटिमीटर. १०० हात लांब, ५० हात रुंद अंगण झालं दीड मीटर बाय पाऊण मीटर. तंबू ४५ बाय १५ सेंटिमीटर. परमपवित्रस्थान, म्हणजे तंबूचा सगळ्यात आतला भाग, लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून १५ सेंटिमीटर, अगदी चौकोनी ठोकळा. त्यातला कोश, म्हणजे दहा आज्ञांची पेटी, जेमतेम पावणेचार सेंटिमीटर लांब होईल. तळाला १२ मिमी प्लायवूड, सहा बाय तीन फूट कापून घेतलं.

मंडपाची १० हात रुंदी निर्गममध्ये थेट दिलेली नाही. पश्चिमेकडच्या सहा फळ्या आणि कोपऱ्याच्या दोन, यांवरून ती काढावी लागते. गंगाळाचं तर मापच दिलेलं नाही, ते अंदाजाने करू आणि पुस्तिकेत तसं लिहू.

२५ जानेवारी, शनिवार

सुतारकाकांकडे दिवसभर. फळ्या बाभळीच्याच हव्यात असा त्यांचा हट्ट. “शास्त्रात बाभूळ लिहिलीय ना? मग सागवान कशाला?” सीनायची बाभूळ आपल्या बाभळीची चुलत बहीण म्हणावी अशी. काकांकडे जुन्या बैलगाडीचे तुकडे पडून होते, त्यातून पातळ पट्ट्या काढल्या. बाभूळ कडक आणि चिवट. रंधा मारताना गाठीशी अडतो, पटाशीला धार लावून लावून काका दमले. पण ४८ फळ्यांपैकी उत्तरेकडच्या वीस झाल्या. प्रत्येकीला खाली दोन कुसवं काढली, कारण निर्गम २६ मध्ये प्रत्येक फळीला दोन कुसवं आणि प्रत्येक कुसवाखाली चांदीची एक उथळी, म्हणजे बैठक, आहे.

मुलं विचारत होती, एवढ्या बारीक कामाची काय गरज आहे, फळ्या सरळ फेविकॉलने चिकटवू. काकांनी नाही म्हटलं, आणि ते बरोबर आहे. या मांडणीत उथळ्यांनाच फार मोठा अर्थ आहे. तो पुढच्या नोंदीत.

२ फेब्रुवारी, रविवार

उथळ्यांचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घेतला. निर्गम ३८ उघडून बसलो. जनगणनेत मोजलेले पुरुष ६,०३,५५०. प्रत्येकी अर्धा शेकेल (शेकेल हे त्या काळचं वजन) चांदी. एकूण ३,०१,७७५ शेकेल. ३००० शेकेलांचा एक किक्कार, म्हणजे १०० किक्कार आणि वर १७७५ शेकेल. शास्त्रातही हाच आकडा आहे. त्या १०० किक्कारांच्या १०० उथळ्या ओतल्या : फळ्यांखाली ९६ आणि अंतरपटाच्या, म्हणजे परमपवित्रस्थानापुढच्या पडद्याच्या, चार खांबांखाली चार. उरलेल्या चांदीचे आकडे आणि बांधपट्ट्या केल्या. हिशेब शेवटच्या शेकेलापर्यंत जुळतो. मुलांनी तो दोनदा करून पाहिला.

मग निर्गम ३० वाचलं. हा अर्धा शेकेल म्हणजे साधी वर्गणी नव्हती, तो जिवाबद्दल प्रायश्चित्ताचा पैसा होता. श्रीमंताने अर्ध्या शेकेलाहून जास्त द्यायचा नाही, गरिबाने कमी द्यायचा नाही. म्हणजे देवाचं घर उभं आहे ते प्रायश्चित्ताच्या चांदीवर, आणि त्या चांदीत सावकाराचा आणि मेंढपाळाचा वाटा सारखा आहे. वाळवंटाच्या वाळूला ते घर थेट टेकतच नाही.

हे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर घेतो. आणि मुलांपैकी प्रत्येकाने दोन-दोन उथळ्या आपल्या हाताने बसवायच्या, असं ठरवलं.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिल्या पाठाचा मसुदा : पवित्रता.

व्याख्येने सुरुवात करायची नाही, प्रतिकृतीवरून सुरुवात करायची. अंगणाच्या खांबांखाली पितळेच्या उथळ्या, होमवेदी पितळेची, गंगाळ पितळेचं. मंडपाच्या फळ्यांखाली चांदी. आतल्या सगळ्या वस्तूंना सोनं, आणि कोशावरचं दयासन, म्हणजे त्याचं झाकण, तर शुद्ध सोन्याचं. बाहेरून आत जाताना धातू बदलत जातो, कापड बदलत जातं आणि आत जाऊ शकणारी माणसंही कमी होत जातात. अंगणात इस्राएली माणूस, मंडपात याजक, अंतरपटामागे फक्त प्रमुख याजक, तोही वर्षातून एकाच दिवशी, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी.

लेवीय १६ ची सुरुवातच एका मृत्यूच्या आठवणीने होते. पहिला प्रमुख याजक अहरोन, त्याचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, देवाने न सांगितलेला अग्नी घेऊन त्याच्यासमोर गेले आणि मेले. ते दहाव्या अध्यायात आहे. म्हणून अहरोनाला सांगितलं जातं, वाटेल तेव्हा आत येऊ नकोस. हा भाग सौम्य करून लिहायचा मोह होतो, आणि आपल्या पाठ्यपुस्तिकांत तो बहुतेक वेळा गाळलाच जातो. मी गाळणार नाही. पवित्रता जिवंत आहे आणि तिच्यापुढे माणूस उभा राहू शकत नाही, हे आधी टोचल्याशिवाय पुढचं आश्चर्य कळत नाही.

ते आश्चर्य यशया ६ मध्ये आहे. संदेष्टा देवाचं पावित्र्य पाहून ओरडतो की मी मेलो, माझे ओठ अशुद्ध आहेत. त्याला बाहेर घालवत नाहीत. वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लावतात आणि तुझ्या पापाचं प्रायश्चित्त झालं असं सांगतात. ज्या पवित्रस्थानाची भीती वाटली, शुद्धी तिथूनच आली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

महिला संघाने अंतरपट करायला घेतला. निळा, जांभळा, किरमिजी आणि तलम सण. अलसीचं कापड शहरात एका दुकानात मिळालं, महाग होतं, पण पाव मीटर पुरलं. करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय जीव, भरायला एक आजी बसल्या. पंधरा सेंटिमीटरच्या पडद्यावर दोन करूब म्हणजे डोळे फोडून घेण्याचं काम. त्यांनी दोऱ्याचे पदर उकलून एकाच पदराने भरलं, आणि पंखांना जरीचा दोरा. बकऱ्याच्या केसांच्या छतासाठी घोंगडीचा काळा तुकडा वापरतोय. घोंगडी मेंढीच्या लोकरीची, हे माहितीफलकावर लिहिलं आहे.

धूपवेदी कुठे ठेवायची यावर बरीच चर्चा. निर्गम ३० प्रमाणे ती अंतरपटाच्या अलीकडे, पवित्रस्थानात. पण नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्र ९ मध्ये तिचा उल्लेख अंतरपटापलीकडच्या वस्तूंबरोबर येतो. तरुणांपैकी एकाने हे बरोबर पकडलं. १ राजे ६ मध्येही शलमोनाच्या मंदिरातली धूपवेदी आतल्या गाभाऱ्याची म्हणूनच सांगितली आहे. जागा अलीकडे, पण काम पलीकडचं : धूर अंतरपट ओलांडून आत जायचा. प्रायश्चित्ताच्या दिवशी तर याजक दोन ओंजळी कुटलेला धूप निखाऱ्यांवर घालायचा आणि त्या ढगाने दयासन झाकलं जायचं, म्हणजे तो मरू नये. वेदी अलीकडेच ठेवली, अंतरपटाला जवळजवळ टेकून.

होमवेदीला चार शिंगं हवीत. ती कशी दिसत असतील यासाठी बैर-शेबा इथे १९७३ मध्ये सापडलेल्या शिंगांच्या वेदीचा फोटो काढून काकांना दिला. ती दगडी आहे आणि नंतरच्या काळातली, पण कोपरे वर काढलेले स्पष्ट दिसतात. वेदीला पितळी पत्रा चढवला. सोन्याच्या वस्तूंना सोनेरी बेगड.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते मला या प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर.

लेवीय ४ वाचून प्रश्न पडतो : पापार्पणाचं रक्त कुणाला लावतात? आपण गृहीत धरतो की पाप्याला. पण तसं एकदाही होत नाही. पापार्पणाचं रक्त अर्पण करणाऱ्या माणसावर शिंपडलेलं नाही, ते वेदीला लावलंय, मंडपात शिंपडलंय. ज्यू अभ्यासक जेकब मिलग्रोम यांनी आयुष्यभर लेवीयवर काम करून हा मुद्दा ठसवला : माणसाचं पाप देवाच्या घराला डागाळतं आणि रक्त ते घर धुतं. ख्रिस्ती वाचक म्हणून माझे निष्कर्ष पुढे त्यांच्यापेक्षा वेगळे होतात, पण हे ऋण मान्य केलंच पाहिजे.

हे प्रतिकृतीवर दाखवण्यासाठी लाल दोरे लावले. सामान्य माणसाने किंवा अधिपतीने नकळत पाप केलं, तर रक्त अंगणातल्या होमवेदीच्या शिंगांना. पहिला दोरा दारापासून होमवेदीपर्यंत, आखूड. अभिषिक्त याजकाने किंवा सगळ्या मंडळीने पाप केलं, तर रक्त मंडपात जातं, अंतरपटासमोर सात वेळा शिंपडतात आणि धूपवेदीच्या शिंगांना लावतात. दुसरा दोरा बराच लांब. आणि प्रायश्चित्ताच्या दिवशी, लेवीय १६ मध्ये, सगळ्या इस्राएलाच्या अशुद्धतेसाठी आणि अपराधांसाठी ते अंतरपटापलीकडे, दयासनावर आणि दयासनापुढे. तिसरा दोरा थेट कोशापर्यंत.

तीन दोरे लावून झाले आणि खोलीत कुणी काही बोललं नाही. मग वडीलजनांपैकी एक म्हणाले, “म्हणजे पाळकाचं पाप आमच्यापेक्षा आत जातं?” पाळकसाहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, “तसंच लिहिलंय. हा दोरा काढू नका.”

माझ्यासाठी मात्र कळीचं वचन लेवीय १६:१६ आहे. तिथे दर्शनमंडपाचं, म्हणजे निवासमंडपाचंच, वर्णन असं आहे की तो लोकांबरोबर, त्यांच्या अशुद्धतेच्या मधोमध राहतो. पाप आत पोचत राहतं, साचत राहतं, आणि तरी देव छावणी सोडून जात नाही. वर्षातून एकदा घर धुण्याची रीत तो स्वतः सांगतो. लेवीय १७:११ त्याच सुरात आहे : रक्तात जीव आहे, आणि वेदीवर तुमच्या जिवांबद्दल प्रायश्चित्त करायला ते मी तुम्हाला दिलं आहे. मी दिलं आहे. देणारा देव आहे. माणूस रक्त देऊन देवाची मर्जी फिरवतो, हे चित्र इथेच कोलमडतं.

२ मार्च, रविवार

पुस्तिकेची मुद्रितं तपासली. प्रमुख याजकाच्या पायाला दोरी बांधायचे, आत मेला तर ओढून काढायला, ही गोष्ट प्रवचनांतून सतत ऐकू येते. ती पुस्तिकेत घेऊ नये असं ठरलं. शास्त्रात नाही, मिश्ना या जुन्या ज्यू नियमसंग्रहात नाही, ती मध्ययुगातल्या ज्यू गूढग्रंथांतून आलेली आहे. काहींना ती गाळल्याचं वाईट वाटलं. पण मिश्नामध्ये यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिराच्या दिवसांबद्दल जे आहे ते याहून जास्त हलवणारं आहे : सात दिवस आधीपासून याजकाला घरापासून वेगळं ठेवायचे, त्या एका दिवसात तो पाच वेळा स्नान करायचा. आणि परमपवित्रस्थानात तेव्हा कोश उरलाच नव्हता. जमिनीतून तीन बोटं वर आलेल्या शिळेवर तो धूपाटणं ठेवायचा.

९ मार्च, रविवार

पहिला पाठ घेतला. माणसं अपेक्षेपेक्षा जास्त, चटया कमी पडल्या.

अर्पणांबद्दल बोलताना लेवीय ५ मधली सवलत सांगितली. कोकरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तेही जमत नसेल तर एफा या धान्यमापाचा दहावा भाग सपीठ, तेल आणि धूप न घालता. पिठाचंही पापार्पण होतं, आणि त्या माणसाला क्षमा होते. इब्री ९:२२ मध्ये रक्तावाचून क्षमा नाही हे सांगण्याआधी ‘बहुतेक’ म्हटलं आहे, ते लेखकाला लेवीय पाठ असल्याचं लक्षण. येशूच्या जन्मानंतर मरीयेने मंदिरात नेलं ते दोन पाखरांचंच अर्पण, गरिबाचं. एका बाईंनी लगेच लूक २:२४ काढून वाचलं.

१६ मार्च, रविवार

दोन बकऱ्यांचा पाठ. चिठ्ठ्या टाकायच्या, एक बकरा परमेश्वरासाठी, एक अजाजेलासाठी. पहिल्याचं रक्त आत जातं. दुसऱ्याच्या डोक्यावर अहरोन दोन्ही हात ठेवून इस्राएलाचे सगळे अपराध, बंडखोरी, पापं मोठ्याने कबूल करतो आणि तो जिवंत बकरा एका माणसाबरोबर रानात सोडून दिला जातो. अजाजेल म्हणजे नेमकं काय हे लेवीय उलगडत नाही. जागा म्हणतात, रानातला दुरात्मा म्हणतात. पण ते त्याला दिलेलं अर्पण नाही हे नक्की, कारण पुढच्याच अध्यायात रानातल्या बकरदैवतांना अर्पणं करायला सक्त मनाई आहे. पाप जिथलं तिथे परत पाठवलं, एवढं समजलं तरी पुरे.

दोन्ही बकरे मिळून एकच पापार्पण आहे, हे लोकांना नवीन होतं. एक डाग धुतो, दुसरा ओझं वाहून नेतो. बर्णबाचं म्हणून ओळखलं जाणारं अगदी सुरुवातीचं ख्रिस्ती पत्र दोन्ही बकऱ्यांत ख्रिस्त पाहतं. मलाही तसंच दिसतं. यशया ५३ मधल्या सेवकावर आपणा सर्वांचा अपराध लादला जातो, आणि त्याच अध्यायात त्याच्या जिवाला दोषार्पण म्हटलं आहे.

रायगडकडून आलेल्या एका कुटुंबाने एक छान भर घातली. अलिबागकडचे बेने इस्राएल, आपले कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, प्रायश्चित्ताच्या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. पांढरे कपडे, कडक उपास, घराची दारं बंद. यरुशलेमचं मंदिर इ. स. ७० मध्ये पडलं, याजक नाही, बकरा नाही, तरी कोकणात तो दिवस पाळला गेला. मी वर्गात स्पष्ट सांगितलं की लेवीय हे आजही त्यांचं पुस्तक आहे, आपण ते त्यांच्या हातून घेतलंय, आणि त्यांच्या उपासाबद्दल हलकं बोलायचं नाही.

२० मार्च, गुरुवार

गृहसभा. या नोंदीला वेळ देतो.

पाठ शुद्ध-अशुद्धाचा होता. मी लेवीय ११ ते १५ चा आढावा घेत होतो, तेव्हा एक निवृत्त शिक्षक उभे राहिले. म्हणाले, “आज २० मार्च. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी आपल्या माणसांनी प्यायलं, तर नंतर ते तळं शुद्ध करून घेतलं. माझा आजा अशुद्ध होता म्हणूनच या मंडळीत आला. आणि तुम्ही आम्हाला शुद्ध-अशुद्ध शिकवताय?”

या प्रश्नाला बगल देता येणार नव्हती. आमच्या मंडळीतल्या बहुतेक घरांचा इतिहास तोच आहे.

आम्ही पुस्तकं उघडून तासभर बसलो. लेवीयमध्ये अशुद्ध कोण होतो? बाळंतीण, स्राव असलेला पुरुष, पाळी आलेली बाई, प्रेताला शिवलेला माणूस. म्हणजे प्रत्येक जण, कधी ना कधी. याजकसुद्धा. बहुतेक वेळा स्नान करायचं आणि संध्याकाळी शुद्ध. कोणीही इस्राएली जन्माने अशुद्ध नाही, कोणाची अशुद्धता मुलाबाळांकडे वारशाने जात नाही, कोणाचं काम त्याला कायमचा अशुद्ध करत नाही. बकरा रानात नेणारा माणूस आंघोळ करून परत छावणीत येतो. त्याची जात बनत नाही. गुरुजींनी ही वचनं स्वतः वाचली, एकेक तपासली.

पण त्यांनी तिथेच सोडलं नाही, आणि मीही सोडू नये असं मला वाटलं. याजकपण वंशाने होतं. लेवीय २१ मध्ये व्यंग असलेल्या याजकाला वेदीजवळ जाता येत नाही, जरी त्याला पवित्र अन्न खाण्याचा हक्क राहतो. हे वाचताना दुखतं आणि ते दुखणं लपवायचं नाही. ख्रिस्ती माणूस म्हणून मी एवढंच म्हणू शकतो की ही वाट जिकडे जाते तिकडे पाहावं. मार्क १ मध्ये येशू कुष्ठरोग्याला हात लावतो. मार्क ५ मध्ये बारा वर्षं रक्तस्राव असलेली बाई त्याच्या वस्त्राला शिवते. नियमाप्रमाणे अशुद्धता त्याच्याकडे यायला हवी होती. झालं उलटं : पवित्रता त्याच्याकडून त्यांच्याकडे गेली. आणि प्रेषितांची कृत्ये १० मध्ये पेत्र स्वच्छ सांगतो, कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये हे देवाने मला दाखवलं.

गुरुजी म्हणाले, “हे पान पुस्तिकेत आधी पाहिजे, मागे नको.” दुसऱ्या पाठाच्या सुरुवातीला हलवलं. महाडचा उल्लेखही त्यांच्याच शब्दांत घेतोय, त्यांची परवानगी आहे.

३० मार्च, रविवार

दोषार्पणाचा पाठ, लेवीय ६. शेजाऱ्याला फसवलं, ठेव बुडवली, लुबाडलं, तर आधी मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा परत करायचा, ज्याची त्याला. मगच मेंढा घेऊन यायचं. मिश्नामध्येही आहे की शेजाऱ्याविरुद्धचं पाप त्या शेजाऱ्याचं समाधान केल्याशिवाय प्रायश्चित्ताच्या दिवसानेही फिटत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू तेच सांगतो : अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. बांधावरून कोर्टात गेलेली दोन घरं आज वर्गात समोरासमोर बसली होती. नावं लिहीत नाही. पुढे काय झालं ते त्यांचं त्यांनी सांगावं.

६ एप्रिल, रविवार

इब्री ९ आणि १०. बैलांचं आणि बकऱ्यांचं रक्त पापं दूर करू शकत नाही, असं पत्र म्हणतं. तिथे एक तरुण अडला : मग लेवीयमधली क्षमा खोटी होती का? नाही. लेवीयमध्ये क्षमा होते असं वारंवार लिहिलंय आणि देव खोटं बोलत नाही. पण ती दरवर्षी करावी लागायची, आणि पत्राचा भर त्यावरच आहे. ख्रिस्त हाताने केलेल्या नव्हे तर खऱ्या पवित्रस्थानात गेला, आपलंच रक्त घेऊन, एकदाच. लाल दोऱ्यांमुळे हा युक्तिवाद डोळ्यांसमोर होता. रक्त कुठे जातं हे माहीत असलेल्याला इब्री पत्र अवघड जात नाही.

इब्री १३ मात्र उलट्या दिशेने जातं. पापार्पणाचा बैल आणि बकरा छावणीबाहेर जाळत, तसा येशूही वेशीबाहेर मेला. मुलांनी तळफळीच्या कडेला छावणीबाहेरची ती जागा राखेने दाखवली आहे.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

तीन तासांची उपासना. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांनंतर मत्तय २७:५१ आणि मार्क १५:३८ वाचलं. पडदा वरून खालपर्यंत फाटला. तो हेरोदाच्या मंदिरातला, निवासमंडपातला नव्हे, हे पाळकसाहेबांनी आधीच सांगितलं होतं. आम्ही प्रतिकृतीचा पडदा फाडला नाही. आजींनी भरलेला आहे तो, आणि अशा नाटकाची गरजही नव्हती.

प्रवचनात एक गोष्ट नव्याने कळली. पडदा फाटल्यावर मार्कमध्ये पहिला बोलतो तो रोमी शताधिपती, परराष्ट्रीय. मंदिराच्या अंगणात परराष्ट्रीयांसाठी दगडी कठडा होता, आणि तो ओलांडणारा आपल्या मरणाला स्वतः जबाबदार, अशी ग्रीक पाटी होती. त्यातली एक पाटी १८७१ मध्ये सापडली, ती आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. कठड्याबाहेरच्या माणसाच्या तोंडून ‘खरोखर हा देवाचा पुत्र होता’ हे शब्द येतात. गुरुजी पुढच्याच बाकावर होते. उपासनेनंतर त्यांनी इफिस २:१४ चा, मधली आडभिंत पाडल्याच्या वचनाचा, संदर्भ माझ्या वहीत स्वतः लिहून दिला.

२६ एप्रिल, शनिवार

आवराआवर आणि पुढची कामं. शेजारच्या दोन मंडळ्यांनी प्रतिकृती मागितली आहे. काका खोका करून देतायत, खांब सुटे निघतील असा. बेगड दोन ठिकाणी उचकटलंय, धूपवेदी आणि दीपवृक्ष, ते पुन्हा लावायचं. लाल दोरे सैल झालेत, त्याऐवजी रंगवलेली पितळी तार लावू.

पुस्तिकेच्या दुसऱ्या छपाईसाठी : शुद्ध-अशुद्धाचं पान वाढवायचं, इफिस २:१४ जोडायचं, दोन बकऱ्यांच्या पाठात बेने इस्राएलांचा परिच्छेद घ्यायचा. वर्गाने एक सातवा पाठ मागितलाय, लेवीय १९ वर. सोळाव्या अध्यायात घर धुतलं जातं आणि तीन अध्यायांनंतर सगळ्या लोकांना पवित्र व्हायला सांगितलं जातं. त्यातली पवित्रता म्हणजे शेताच्या कडा गरिबांसाठी सोडणं, बहिऱ्याला शिव्या न देणं, खरी मापं ठेवणं, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे न ठेवणं. मंडळीत ऊसतोडीला जाणारी घरं आहेत आणि टोळ्या लावणारेही आहेत. पाठ जूनमध्ये घ्यावा, उचल वाटायला लागायच्या आधी. पाळकसाहेबांना तारीख विचारायची आहे.